पावणेवीस मिलिमीटर

आवडी नावाच्या तमिळ मुलखातल्या गावात आमचं गॅरेज होतं तेव्हा आसपासची सगळी माणसं मला 'चपाती सार' म्हणायची, सार म्हणजे सर. माझं आडनाव पोतदार, गाव मिरज, पण ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं. चपाती सार म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा.

नाव पडलं त्याचं कारण कणकेचा गोळा. रोज सकाळी निघताना मी सौभाग्यवतींकडून मुठीएवढी कणीक मागून घ्यायचो. डब्यात पोळीभाजी वेगळी, आणि ही कणीक वेगळी, तेलाचा हात लावून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पहिल्या दिवशी नलिनी म्हणाली, "अहो, गॅरेजात पोळ्या लाटणार आहात का?" म्हटलं, "लाटणार गाडीच आहे, मी फक्त मोजणार." तिला वाटलं, निवृत्तीनंतर ह्यांचं डोकं फिरलं. गाडीचं चाक मडगार्डच्या कडेपासून किती लांब आहे हे बाहेरून फूटपट्टीनं मोजता येतं, पण ते गाडी उभी असताना. पाच माणसं बसली आणि गाडी खड्ड्यात आदळली की मडगार्ड खाली येतं आणि चाक वर जातं. त्या क्षणी मधे किती जागा उरते, हे बघायला तिथे डोकं घालून बसता येत नाही! म्हणून कणीक. मडगार्डच्या आतल्या कडेला कणकेचा जाड थर चिकटवायचा, गाडीत पाच धष्टपुष्ट माणसं बसवायची, स्पीडब्रेकरवरून एकदा नेऊन आणायची. टायरनं कणीक जिथे दाबली असेल तिथे जेवढी जाडी शिल्लक, तेवढी आपली जागा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मी आधी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले तुकडे मोजायचे आणि नाकारायचे, हे माझं काम. त्या खात्यात माणूस प्रेमळ राहत नाही. निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या माणसानं चाकांचं अलाइनमेंट करायचं गॅरेज काढलं, आणि मला मोजमापासाठी बसवलं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. शोळिंगनल्लूरकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथल्या पोरांच्या हातात नवीन गाड्या येत होत्या. गाडी नवी आली की पहिलं काम म्हणजे तिची मूळची चाकं काढायची आणि चकचकीत अलॉयची घालायची. ती चाकं कुठल्या गाडीची, कुठल्या मापाची, याचा पत्ता नाही. 'भोकं बसतात ना सार, मग झालं!'

भोकं बसली म्हणजे झालं नाही, हे सांगण्यात माझी दहा वर्षं गेली. तुम्हालाही सांगतो, दोन मिनिटं लागतील.

चाकाची रिम म्हणजे एक रुंद, आखूड ढोल समजा. त्या ढोलात एक तबकडी बसवलेली असते, तीच गाडीच्या हबवर बोल्टांनी आवळतात. तबकडी ढोलाच्या बरोबर मधोमध असेल तर ऑफसेट शून्य. बघणाऱ्याच्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट अधिक, गाडीच्या पोटाकडे सरकलेली असेल तर उणे. आता गंमत बघा. ऑफसेट अधिक झाला की चाक आत जातं. उणे झाला की बाहेर येतं. माणसाला वाटतं, आकडा वाढला म्हणजे चाक बाहेर यायला हवं. नेमकं उलटं! ऐंशी टक्के गिऱ्हाइकं इथेच पडायची, आणि मी त्यांना हसायचो.

एक निवृत्त बँक अधिकारी आले होते. बासष्टाव्या वर्षी त्यांना हौस आली. छोटीशी गाडी, तिला भल्यामोठ्या जीपची उणे ऑफसेटची चाकं. चारही चाकं दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. गाडी अशी दिसत होती की लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून भांडायला उभी राहिली आहे. मी म्हटलं, "सर, पावसाळ्यात सगळा चिखल तुमच्याच दारांवर." ते म्हणाले, "माझी बायकोही हेच म्हणाली, पण तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्ही वेगळं काही सांगाल म्हणून आलो." चाकं परत गेली, आणि त्यांच्या बायकोनं मला माणसाबरोबर मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा पाठवला.

चाक फार आत जात असेल तर मात्र उपाय असतो. हब आणि चाक यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची एक जाड चकती घालायची. तिला स्पेसर म्हणतात. वीस मिलिमीटरचा स्पेसर चाकाला वीस मिलिमीटर बाहेर ढकलतो, हिशेब इतका सरळ. गाडीचा मूळ ऑफसेट अडतीस, नव्या चाकाचा अठ्ठावन्न, फरक वीस, स्पेसर वीसचा. फक्त तो कसा केलाय याला महत्त्व. एकदा एकजण वॉशरांची चळत बोल्टांत घालून चाक आवळून आला होता. मी ते वॉशर काढून त्याच्यासमोर गटारात फेकले. तो म्हणाला, "सार, माझे वॉशर!" म्हटलं, "बाबा, तुझा जीव वाचला, वॉशर कसले मागतोस?" स्पेसर अख्खा, सपाट आणि हबच्या गोलाईवर घट्ट बसणारा हवा. तो करायला हात लागतो.

आणि तो हात गोविंदरावांचा होता.

गोविंदराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज राजांच्या काळात तिकडे गेलेले, नंतर कुणी परत आलंच नाही. गॅरेजपासून दोन गल्ल्यांवर त्यांची एक खोली होती आणि खोलीत एक जुना लेथ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. कपाळाला गंध, कमरेला वेष्टी, आणि लेथवर उभे राहिले की शेजारी बॉम्ब पडला तरी मान वर करणार नाहीत. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसावं की नमस्कार करावा कळेना. 'सगळे' म्हणायचे नाहीत, 'अस्की' म्हणायचे. 'चांगलं'ला 'बेस'. वाक्याच्या शेवटी तमिळ हेल आणि एक 'कीं'. "अस्की बेस कीं, पोतदार?" असं विचारलं की मला वाटायचं, आपले खापरपणजोबाच समोर उभे आहेत. त्यांच्या मुलाला, प्रकाशला, ते मराठी नीट येत नव्हतं. तो बँकेत होता, घरात तमिळ बोलायचा. गोविंदरावांची बायको गेल्यावर त्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणूनच ते माझी वाट बघायचे. मी गेलो की आधी गप्पा, मग माप.

छत्तीस वर्षं तपासनीस म्हणून मी ज्या नजरेनं लोकांकडे बघितलं होतं, त्या नजरेनं मी त्यांचा पहिला स्पेसर तपासला. दुसराही तपासला. तिसऱ्यानंतर सोडून दिलं. गोविंदरावांचा तुकडा तपासणं म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यात खडे शोधणं. तमिळ टर्नरकडे काम दिलं की मी आकडा कागदावर लिहून, खाली रेघ मारून द्यायचो. गोविंदरावांना कशाला लिहून द्यायचं? मराठी माणूस, मराठीत सांगितलं की झालं.

एवढं एकच त्यांचं मला खटकायचं, की माणूस वेळेचा पक्का नव्हता. एका गणपतीला आम्ही त्यांना घरी बोलावलं. "पावणेनऊला प्राणप्रतिष्ठा आहे, नक्की या." सगळं उरकलं, आरती झाली, मोदक वाटून झाले, तेव्हा हे दुर्वांची जुडी घेऊन दारात. पावणेदहा वाजले होते. नलिनी हसून म्हणाली, "भावजी, तुमच्या तंजावरची घड्याळं तासभर मागं चालतात वाटतं!" ते गोंधळून हसले. पाहुण्यांसमोर वाद कसा घालायचा, म्हणून गप्प बसले असतील. मी मात्र त्या दिवशी मनात नोंद केली की लेथवर देवमाणूस, घड्याळावर गबाळा.

मग कार्तिकची गाडी आली.

कार्तिक शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा, बोलायला अगदी गोड. त्याच्या थोरल्या भावानं सिंगापूरहून त्याला चार चाकं पाठवली होती. भाऊ तीन वर्षांत घरी आला नव्हता, चाकं मात्र आली होती. बहिणीचं लग्न ठरलेलं. "सार, लग्नाच्या धावपळीत अण्णा येणार नाही, पण त्याची चाकं तरी फिरू देत," असं म्हणाला. अशा वेळी तपासनिसानं हृदय बाजूला ठेवायचं असतं. मी ठेवलं नाही.

ऑफसेटचा फरक वीसचा. स्पेसर नाही घातला तर टायर आत शॉकअॅब्सॉर्बरला घासत होतं. घातला तर चाक मूळ जागी येत होतं, पण नवं टायर रुंद होतं, त्यामुळे आता बाहेर मडगार्डच्या कडेशी अडचण. ती कड आत दुमडून दिली असती तर प्रश्न मिटला असता, पण रंग तडकेल म्हणून कार्तिक तयार नव्हता. मी माझ्या कपाटातल्या चाचणीच्या पातळ चकत्या रचून वीसची जाडी केली, कणीक लावली, गॅरेजमधली पाच माणसं गाडीत कोंबली आणि फिरवून आणली. मागच्या चाकाशी कणीक उरली एक मिलिमीटर. फक्त एक! शहाण्या माणसानं तिथेच सांगायला हवं होतं, की बाबा, चाकं परत पाठव. पण भावाची चाकं, बहिणीचं लग्न. म्हटलं, बसवू. वर माझी जुनी खोड, थोडं हातचं राखायचं. वीसमधून पाव मिलिमीटर कमी केला. त्या पाव मिलिमीटरनं कुणाचं काही भलं होणार नव्हतं. तो केवळ माझा तोरा.

गोविंदरावांकडे गेलो. ते हबच्या गोलाईचं माप घेत होते. मी म्हटलं, "जाडी पावणेवीस."

"पावणेवीस?" त्यांनी मान वर करून विचारलं. हे त्यांनी विचारलं, हे मला आजही आठवतं.

"हो, पावणेवीस. वीस नको."

"सरि," ते म्हणाले. ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी चारही स्पेसर आले, आरशासारखे. बसवले. एरवी मी स्पेसर बसवल्यावर पुन्हा एकदा कणीक लावून गाडी फिरवायचो. त्या दिवशी कार्तिकला घाई होती, आईला आणि बहिणीला घेऊन कांचीपुरमला लग्नाच्या साड्यांना जायचं होतं. आणि तुकडे गोविंदरावांचे होते. मी म्हटलं, जा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्तिक स्टेपनी लावलेली गाडी घेऊन एकटाच आला, आणि खांद्यावर टायर घेऊन आत शिरला. टायरची बाजू सुरीनं काकडी तासावी तशी तासलेली. श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे मागचं चाक घासत घासत एकदम बसलं होतं. गाडी डावीकडे ओढली गेली आणि खडीवर जाऊन थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण तो मुलगा ओरडला नाही की भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सार, अम्मा मागं बसली होती. त्याच बाजूला."

त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याची जुनी चाकं बसवून दिली, हात जोडले, आणि काढलेला स्पेसर व्हर्नियरमध्ये धरला. पुरा एक मिलिमीटर जास्त. तळपायाची आग मस्तकाला गेली. तसाच तुकडा मुठीत घेऊन गोविंदरावांच्या खोलीत शिरलो. प्रकाश तिथेच होता, वडिलांचा डबा घेऊन आलेला.

"गोविंदराव, हा एक मिलिमीटर जास्त केलात तुम्ही! गाडी उलटली असती, माहीत आहे का?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी लाकडी पेटीतून आपला मायक्रोमीटर काढला, तुकडा धरला, वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा वाचला. मग अगदी हळू म्हणाले, "मला तर बरोबरच दिसतंय कीं."

मी काय केलं असेल? आकडा विचारायला हवा होता की नाही? 'काय दिसतंय, वाचून दाखवा,' एवढं एक वाक्य. छत्तीस वर्षं मी लोकांना हेच विचारत आलो होतो. ते सोडून मी ओरडलो, "बरोबर दिसतंय? मग डोळे गेलेत तुमचे! दिसत नसेल तर लेथ बंद करा, लोकांचे जीव घेऊ नका!"

प्रकाशला मराठी येत नव्हतं तरी एवढं कळलं. तो काही दिवसांपासून वडिलांच्या मागे लागलाच होता, आता पुरे करा म्हणून. त्यानं तमिळमध्ये काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. त्यानं वडिलांच्या हातातून मायक्रोमीटर हलकेच काढून घेतला आणि पेटीत ठेवला. गोविंदराव विरोधच करीनात. नुसते आपल्या हातांकडे बघत उभे राहिले.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात होती, या वयात कुणाला नसते? पण तेवढं झालं शिक्कामोर्तब करायला. लेथवर ताडपत्री पडली. तीन महिन्यांनी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याचा टेम्पो येऊन तो घेऊन गेला. मी त्या दिवशी त्या गल्लीतून गेलो नाही, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेलो. वाईट वाटत होतं, पण मनात म्हणत होतो, पोतदार, तू बरोबर होतास. बरोबर असल्यावर वाईट कसलं वाटून घ्यायचं?

आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी दुसऱ्या टर्नरकडे काम देत होतो, आकडे लिहून, खाली रेघ मारून.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही सत्यनारायण घातला. नलिनी म्हणाली, "भावजींना तुम्ही बोलावणार, की मी जाऊ?" तिच्यापुढे माझं काही चालत नाही. फोन केला. म्हटलं, "रविवारी सकाळी पावणेदहाला पूजा आहे, या." पलीकडून आलं, "सरि, येतों."

पूजा झाली, कथा झाली, आरती झाली, लोक पंगतीची वाट बघायला लागले. पावणेअकराला गोविंदराव आले. हातात मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा नातीसाठी. वाळले होते खूप. नलिनीला भरून आलं, ते लपवायला ती आपली नेहमीची थट्टा करायला गेली. "भावजी, पुन्हा तासभर उशीर! पावणेदहाला बोलावलं होतं ना?"

या वेळी गोविंदराव हसले नाहीत. आठ महिने चूक ठरवलेला माणूस होता तो, आणखी एक चूक पदरात घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मनगट पुढे केलं, घड्याळ तिला दाखवलं आणि स्वच्छ म्हणाले, "वहिनी, आत्तां पावणेदहाच कीं. दहा, वर पाऊण."

माझ्या हातात प्रसादाची वाटी होती. ती मी कुठे ठेवली, आठवत नाही.

दहा, वर पाऊण. तमिळमध्ये असंच म्हणतात, 'पत्ते मुक्काल'. दहा आणि पाऊण. त्यांच्या घरात दोनशे वर्षं तमिळ शेजाराला राहून 'पावणे'चा अर्थ 'मुक्काल'सारखा, वर पाऊण असा झाला होता. चुकीचं तरी काय होतं त्यात? सव्वा म्हणजे वर पाव. साडे म्हणजे वर अर्धा. मग पावणे म्हणजे वर पाऊण, हेच सरळ आहे. उलटे आम्ही! पुढचा आकडा म्हणायचा आणि पाव मागे घ्यायचा. लोकांना अधिक-उणे शिकवत होतो, उणे ऑफसेटला चकणाऱ्यांना हसत होतो, आणि माझ्या स्वतःच्या जिभेवर असलेलं उणे मला दिसलं नव्हतं. आणि दोघंही मराठी, म्हणून कुणालाच शंका आली नाही.

मी आत गेलो. तो स्पेसर मी टाकला नव्हता, घरच्या कपाटात ठेवला होता, माझ्या बरोबर असण्याचा पुरावा म्हणून. तो आणि व्हर्नियर घेऊन आलो आणि पाहुण्यांच्या देखत त्यांच्यासमोर पाटावर बसलो.

"गोविंदराव, हा मोजा. आणि मला वाचून दाखवा. मोठ्यानं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तुकडा व्हर्नियरच्या जबड्यात धरला. चष्मा कपाळावर सारून वाचलं, "वीस. वर पाऊण." थांबून म्हणाले, "तुम्ही सांगितलं तेंच."

"मी एकोणीस आणि पाऊण सांगितलं होतं," मी म्हटलं. "आमच्या बोलीत पावणेवीस म्हणजे वीसला पाव कमी. तुमचे डोळे ठीक होते, गोविंदराव. तेव्हाही ठीक होते. चूक माझी. मी लिहून दिलं नाही, मी तपासलं नाही, आणि वर तुम्हालाच..."

साठीतला माणूस पाटावर बसून लहान पोरासारखा रडत होतो, आणि नात माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती.

गोविंदराव किती तरी वेळ त्या तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे मला बरोबरच दिसत होतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हें माझ्या मुलाला सांगाल? तमिळमध्यें सांगा. मराठी त्याला कळत नाहीं."

ते जेवले नाहीत, मीही जेवलो नाही. नलिनीनं प्रसाद बांधून दिला आणि आम्ही दोघं रिक्षानं त्यांच्या घरी गेलो. प्रकाश ओसरीवर पेपर वाचत होता. माझं तमिळ हे तीस वर्षं बाजारात भाजी घेण्याइतकंच. वाटेत रिक्षात मी वाक्यं जुळवत होतो, ती दारात सगळी विसरलो. प्रकाशसमोर उभा राहिलो आणि स्पेसर पुढे करून म्हटलं, "इरुबदे मुक्काल इल्लै. पत्तोन्बदे मुक्काल. नान ओळुंगा सोल्ललै." वीस आणि पाऊण नव्हे, एकोणीस आणि पाऊण. मी नीट सांगितलं नाही. "तप्पु एन् मेलदान. अप्पा कण्णु नल्ला इरुक्कु." चूक माझीच आहे. अप्पांचे डोळे चांगले आहेत.

व्याकरण काय झालं असेल ते असो. आकडे मात्र त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर भाषेत सांगितले.

प्रकाशला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा बदलला. लेथ गेला होता ना! तो वडिलांकडे वळून, जवळजवळ रागावून म्हणाला, "अप्पा, मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो कीं," गोविंदराव तमिळमध्ये शांतपणे म्हणाले. "बरोबर दिसतंय, म्हणालो. तुम्ही दोघं होता तिथें."

प्रकाश उठून आत गेला. कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ती लाकडी पेटी होती. त्यानं ती वडिलांच्या मांडीवर ठेवली आणि तसाच त्यांच्या पायाशी बसला.

लेथ परत आला नाही. गुम्मिडिपूंडीला मी जाऊन आलो, पण तो तिथूनही पुढे कुठे तरी गेला होता. गोविंदराव दुसऱ्याच्या लेथवर उभे राहायला तयार झाले नाहीत, आणि मी आग्रह करायच्या लायकीचा नव्हतो. पण गॅरेजात माझी तपासणीची खुर्ची होती, ती मी त्यांना दिली. पुढची पाच वर्षं आमच्याकडून गेलेला प्रत्येक स्पेसर त्यांच्या मायक्रोमीटरखालून गेला. वाचलेला आकडा ते मोठ्यानं म्हणायचे आणि मी तो पाटीवर अंकात लिहायचो. आमची कणीक त्यांनीच मळायला घेतली, म्हणाले, नलिनीवहिनींची सैल होते. माझ्या मापांत त्यांनी दोनदा चूक काढली. दोन्ही वेळा म्हणाले, "पोतदार, तुमचे डोळे बघून घ्या कीं," आणि दोन्ही वेळा मी डॉक्टरांकडे गेलो.

त्या रविवारी त्यांच्या घरातून निघताना मी विचारलं होतं, "मग उद्या गॅरेजला याल? सव्वानऊ, साडेनऊला?"

ते पेटीवर हात ठेवून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "पोतदार, पाव, अर्धा, पाऊण कांहीं नको. नऊला येतों."

आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर नऊला आले. गेल्या वर्षी ते गेले, तोपर्यंत आम्ही पुऱ्या तासालाच भेटलो, आणि एकदाही त्यांना उशीर झाला नाही.